मुलींच्या फुटबॉलला हंगाम द्या

मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत फुटबॉल मुलांचाही होतो आणि मुलींचाही. दोन्ही गटांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. २०२० मध्ये सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांतही दोन्ही गट आहेत. एवढ्यावर समाधान मानायचे तर मुलामुलींना सारखी संधी आहे, असे म्हणून विषय मिटवता येईल. पण हे विद्यापीठ दक्षिण मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांत पसरले आहे. रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या पोशीरहून नेरळ, कर्जत किंवा खोपोलीच्या महाविद्यालयात जाणारी मुलगी ही त्याच विद्यापीठाची विद्यार्थिनी आहे. मग विद्यापीठाचा महिला फुटबॉल मोजायचा कशावर? निवडलेल्या वीस जणींवर, की पोशीरच्या मुलीला पदवीच्या तीन वर्षांत किती सामने खेळायला मिळाले यावर? मला दुसरे माप खरे वाटते. ते लावले की स्पर्धांची आजची रचनाच मुलींच्या फुटबॉलच्या आड येते, हे दिसू लागते. कर्जत-खालापूरच्या मुलींना एका दिवसाची स्पर्धा पुरणारी नाही. त्यांना हंगाम हवा आहे: घराजवळच्या मैदानावर, ठरलेल्या वारी, आठवड्यामागून आठवडे होणारे सामने.

सामन्याचा एक दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी नऊचा सामना मरीन लाइन्सच्या विद्यापीठ मैदानावर आहे असे धरा. पोशीर नेरळ-कळंब रस्त्यावर. तिथून शेअर रिक्षाने नेरळ स्टेशन, पुढे लोकलने सीएसएमटी, तिथून चालत मैदान. कर्जत ते सीएसएमटी लोहमार्गाने शंभर किलोमीटर. नेरळ थोडे अलीकडे असले तरी गाडीत पावणेदोन-दोन तास जातात. म्हणजे घर सोडायचे पाचच्या सुमारास. त्या वेळी रिक्षा मिळण्याचा भरवसा नसतो, म्हणून वडिलांनी किंवा भावाने दुचाकीवर स्टेशनला सोडायला हवे. खोपोलीच्या मुलीची कसरत आणखी वेगळी, कारण खोपोली-कर्जत मार्गावर गाड्या मोजक्याच आणि एक चुकली की सगळे वेळापत्रक कोलमडते. खांद्यावरच्या बॅगेत बूट, शिनगार्ड, डबा, पाण्याची बाटली आणि महाविद्यालयाचे ओळखपत्र. कामावर निघालेल्या बायकांनी भरलेल्या डब्यात उभे राहून मुंबई गाठायची आणि तशाच अंगाने मैदानात उतरायचे. समोर आठवड्यातून चार दिवस सराव करणारा संघ आला, तर मध्यंतरापर्यंत निकाल ठरलेला असतो. स्पर्धा बाद पद्धतीची असली की तासाभरात त्या मुलीचे वर्ष संपते. तीन वर्षे पहिल्याच फेरीत हरणाऱ्या संघातल्या मुलीने पदवी मिळेपर्यंत तीन सामने खेळलेले असतात. तीन सामन्यांत कुणी बचाव शिकत नाही, गोलरक्षण शिकत नाही, आणि पिछाडीवर असताना डोके शांत ठेवायलाही शिकत नाही.

बाद पद्धत आयोजकाला सोयीची असते, हे मान्य. सोळा संघांची स्पर्धा पंधरा सामन्यांत उरकते. मात्र त्यांतले आठ संघ एकच सामना खेळून घरी जातात आणि आणखी चार दोन सामन्यांनंतर. तेच सोळा संघ चार-चारच्या गटांत साखळी पद्धतीने खेळले तर गटांचे चोवीस आणि उपांत्य-अंतिम मिळून तीन, असे सत्तावीस सामने होतात आणि सर्वांत कच्च्या संघालाही तीन सामने मिळतात. जास्तीचे सामने बाराच. यात पुढे चाल मिळण्याचा प्रकार धरलेलाच नाही. समोरचे महाविद्यालय पूर्ण संघ आणू शकले नाही, तर पहाटे निघून आलेल्या मुली न खेळताच विजयी ठरतात. कागदावर विजय नोंदला जातो, पण पायाला चेंडू लागत नाही.

आता कुणी म्हणेल, नियम तर मुलांनाही हाच आहे. आहेच, आणि मुद्दाही तोच आहे. पहिल्या फेरीत हरलेला मुलगा संध्याकाळी गावच्या मैदानावर खेळतो. रविवारी शेजारच्या गावातल्या स्पर्धेत उतरतो, वर्गणी काढून टर्फ घेतो, मित्रांसोबत रात्रीच्या सामन्यांना जातो. महाविद्यालयाचा सामना हा त्याच्या फुटबॉलचा एक भाग. मुलीच्या बाबतीत गावच्या मैदानावर तिच्यासाठी वेळ राखून ठेवलेली नसते, रात्रीच्या स्पर्धेत तिचा गट नसतो, आणि बारावीनंतर शाळेचा संघही मागे पडतो. महाविद्यालयाचा सामना हाच तिचा जवळजवळ सगळा फुटबॉल. त्यामुळे एकच नियम दोघांना लावला तरी मुलाच्या फुटबॉलमधून एक दिवस वजा होतो आणि मुलीच्या हाती फारसे काही उरत नाही. सारखी वागणूक दिली, असे म्हणून हात झटकण्याआधी विद्यापीठाने हा फरक लक्षात घ्यायला हवा.

सामने मिळाले नाहीत की गुणवत्ता कशी वाया जाते, याचा दाखला भारतीय महिला फुटबॉलच्याच इतिहासात आहे. भारतीय महिला फुटबॉल महासंघ १९७५ मध्ये स्थापन झाला आणि पाच वर्षांत, १९८० साली कालिकतला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारतीय मुली उपविजेत्या ठरल्या. १९८३ मध्ये थायलंडमध्ये पुन्हा उपविजेत्या. म्हणजे आपल्या मुलींना हा खेळ जमत नाही, असे म्हणायला तेव्हाही जागा नव्हती. पुढे दशकानुदशके खेळाडूंच्या वाट्याला वर्षाकाठी मोजक्याच छोट्या स्पर्धा येत राहिल्या. देशपातळीवरची महिला लीग सुरू व्हायला २०१६-१७ उजाडले, आणि तीही घरच्या व बाहेरच्या मैदानांवर चालणारी झाली २०२३-२४ मध्ये. जुलै २०२५ मध्ये चियांग माईला थायलंडला २-१ असे हरवून भारतीय संघ आशियाई चषकाच्या मुख्य स्पर्धेसाठी पात्र ठरला. पात्रता फेरी खेळून तिथवर पोहोचण्याची ही पहिलीच वेळ. हे सगळे श्रेय लीगचे, असे म्हणणे घाईचे होईल. पण नियमित सामने नसण्याची वर्षे आणि मागे पडण्याची वर्षे एकच होती, हे नजरेआड करता येत नाही.

नियमित सामन्यांनी खेळ वाढतो, याचा महाराष्ट्रातला पुरावा कोल्हापूरला मिळतो. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब या फुटबॉल संघांची नावे तिथल्या पोरासोरांच्या तोंडी असतात, कारण शाहू स्टेडियमवर दर वर्षी हंगाम भरतो आणि पेठेतली माणसे आपल्या संघाचा सामना बघायला जातात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. तिथली माती काही वेगळी नाही. तिथे सामने होतात, वरचेवर होतात आणि घराजवळ होतात. हा पेठांचा हंगाम पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांचा राहिला, ही गोष्टही त्याच दाखल्यात वाचायला हवी. हंगाम आपोआप मुलींपर्यंत पोहोचत नाही, कुणीतरी तो त्यांच्यासाठी मुद्दाम उभा करावा लागतो. याउलट एका दिवसाच्या उत्साहाचे काय होते तेही आपण पाहिले. १५ सप्टेंबर २०१७ रोजी 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' या उपक्रमात राज्यभरातल्या शाळा फुटबॉल खेळल्या. २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत महिलांचा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला आणि स्पेनने कोलंबियाला हरवले. जगातल्या सर्वोत्तम मुली खोपोलीपासून जेमतेम दीड तासावर खेळून गेल्या. पण त्यानंतरच्या सोमवारी खोपोलीच्या मुलीने कुठे खेळायचे, याचे उत्तर कुणी तयार ठेवले नव्हते.

विद्यापीठे ठरवतील तर काय घडते, हे अमेरिकेने दाखवले आहे. तिथे १९७२ मध्ये 'टायटल नाइन' नावाचे कलम आले. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढेच ते सांगते. खेळाचा त्यात उल्लेखही नाही. पण शिक्षणसंस्थेतला खेळ हा शिक्षणाचाच भाग असल्यामुळे मुलींच्या संघांना मैदान, प्रशिक्षक आणि प्रवासखर्च द्यावा लागला. १९७१-७२ मध्ये तिथल्या माध्यमिक शाळांत स्पर्धात्मक खेळ खेळणाऱ्या मुली तीन लाखांच्या आत होत्या. आता त्या तीस लाखांवर आहेत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विद्यापीठांची महिला फुटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली आणि १९९१ मध्ये चीनमध्ये महिलांचा पहिला विश्वचषक अमेरिकेने जिंकला. त्या संघाचा कणा विद्यापीठांच्या हंगामांत तयार झाला होता. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर भारताची माजी गोलरक्षक अदिती चौहान इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठात शिकायला गेली, तिथल्या संघातून खेळली आणि २०१५ मध्ये वेस्ट हॅम युनायटेडच्या महिला संघात पोहोचली. अमेरिकेतल्या पैशाची कर्जतशी तुलना होणार नाही, आणि काही विद्यापीठांनी हिशेब जुळवण्यासाठी मुलांचेच संघ बंद केले, हा तिथला अनुभवही विसरू नये. इथे मुलांचे काही काढून घ्यावे, असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांनाही साखळी सामने हवेच आहेत.

मुलींना मुळात आवड कुठे आहे, हा आक्षेप सगळ्यात आधी येतो. आवड ही संधीच्या आधी जन्मत नाही. अमेरिकेतले आकडे हेच सांगतात, आणि इंग्लंडचा इतिहास उलट बाजूने तेच सांगतो. १९२० च्या नाताळात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर महिलांचा सामना बघायला ५३ हजार लोक जमले होते. वर्षभरात तिथल्या फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर महिलांना बंदी घातली आणि ती जवळपास पन्नास वर्षे टिकली. पन्नास वर्षांनी मुलींना आवड नाही असे म्हणणाऱ्याने आधी मैदान कुणी बंद केले होते, ते विचारायला हवे. आपल्याकडे बंदी नाही, पण ज्या महाविद्यालयात मुलींच्या संघाची प्रवेशिकाच जात नाही तिथल्या मुलीला आवड सांगण्याची जागाही नसते. याच आक्षेपाचा दुसरा भाग अधिक विचारात घेण्याजोगा आहे: रायगड हा कबड्डीचा जिल्हा, मुली कबड्डी आणि खो-खो खेळतात, मग फुटबॉलचा आग्रह कशाला? कबड्डी राहावी, वाढावी. पण ज्या महाविद्यालयात मुलांचा फुटबॉल संघ आहे तिथे मैदान आहे, गोलपोस्ट आहेत, चेंडू आहेत, शारीरिक शिक्षणाचे सर आहेत. या सगळ्यावर मुलींचा तेवढाच हक्क आहे, आणि तुमच्यासाठी दुसरा खेळ आहे, हे त्या हक्काचे उत्तर होऊ शकत नाही. कबड्डीत तयार झालेली चपळाई आणि दमसास फुटबॉलला उपयोगीच पडेल.

पैशाचा आक्षेप मात्र आकड्यांत तपासता येतो. प्रवेशाच्या पावतीवर जिमखान्याचे शुल्क असते आणि ते मुलगा-मुलगी बघून आकारले जात नाही. मुलगी दर वर्षी ते भरते, तेव्हा तिच्या वाट्याचा खेळ कुठे आहे, असे विचारण्याचा तिला आणि तिच्या पालकांना अधिकार आहे. फुटबॉलला महागडे साहित्य लागत नाही. खर्च होतो तो मुख्यतः प्रवासावर आणि खाण्यापिण्यावर, म्हणजे सामने जवळ आणले की तो उतरतो. खरी अडचण हिशेबाच्या पद्धतीत आहे. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात खेळातली पदके आणि पारितोषिके मोजली जातात. त्यामुळे हुशार प्राचार्य एखाद्या तयार खेळाडूवर लक्ष देतात, कारण पदक दिसते. पंचवीस मुली आठवड्यातून दोनदा खेळू लागल्या, हे त्या रकान्यात दिसत नाही. आणि या पंचवीस जणींमागे केवळ हौस नाही. केंद्र सरकारच्या गट 'क' पदांवर खेळाडूंची भरती करण्याचे जे नियम आहेत, त्यांत आंतरविद्यापीठ स्पर्धेत आपल्या विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केलेला खेळाडूही पात्र धरला जातो, आणि फुटबॉल त्या यादीत आहे. तिथवर जायची वाट महाविद्यालयाच्या संघातून, मग विद्यापीठाच्या निवडीतून जाते. महाविद्यालयाने मुलींचा संघच उतरवला नाही, तर कर्जतच्या मुलीसाठी ही वाट पहिल्याच पायरीवर बंद होते. शेतकऱ्याच्या, कातकरी किंवा ठाकूर कुटुंबातल्या मुलीला सरकारी नोकरीच्या अर्जातला तो एक रकाना केवढा मोलाचा आहे, हे वेगळे सांगायला नको. सरकारला हे खोरे माहीत नाही असे नाही: पोशीर नदीवरच्या मोठ्या धरणाला २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. महानगराच्या नियोजनात या खोऱ्याची आठवण पाण्यासाठी होते. तशीच ती इथल्या मुलींसाठीही व्हावी, अशी अपेक्षा करण्यात गैर काही नाही.

संघ उभा करायला मुलीच पुरत नाहीत, ही लहान महाविद्यालयांची अडचण खरी आहे. तीन वर्षांच्या वर्गांतून बारा-तेरा मुली तयार झाल्या आणि त्यांतल्या दोघींची परीक्षा, एकीचे घरचे लग्न आले की अकरा होत नाहीत. यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही विद्यापीठाच्या हातात आहेत. पहिला, स्थानिक फेरी सात जणींच्या संघांची ठेवावी. मैदान लहान, वेळ कमी, प्रत्येकीला चेंडू अधिक वेळा मिळतो. शिकणाऱ्या खेळाडूला हेच हवे असते. दुसरा, जवळच्या दोन महाविद्यालयांना मिळून एक संघ उतरवू द्यावा. महाविद्यालयाची ओळख पुसली जाते, चुरस राहत नाही, दर्जा घसरतो, असे यावर म्हटले जाईल. दर्जाचे उत्तर साधे आहे: आज पहिल्या फेरीत एकतर्फी हरणाऱ्या संघांमुळे कोणता दर्जा टिकतो आहे? विद्यापीठाचा संघ अकरा जणींचाच निवडला जाईल, निवड चाचणीही तशीच होईल. फक्त चाचणीला येणाऱ्या मुलीने त्याआधी हंगामभर सामने खेळलेले असतील. चुरशीचे म्हणाल तर नेरळ-कर्जतचा संयुक्त संघ खोपोलीविरुद्ध खेळला, तर मैदानाभोवती गर्दी कमी पडणार नाही.

दुखापतीची काळजी पालक बोलून दाखवतात आणि ती उडवून लावू नये. गुडघ्यातला अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण महिला फुटबॉलपटूंमध्ये पुरुषांच्या दोन-तीन पट आढळते. पण या दुखापती कमी करणारा सराव उपलब्ध आहे. 'फिफा ११+' हा वीस मिनिटांचा वॉर्मअप त्यासाठीच तयार केलेला आहे: धावणे, एका पायावर तोल सांभाळणे, उडी मारून गुडघे आत न वळवता उतरणे, मांड्यांच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम. त्याला यंत्र लागत नाही, पण तो आठवड्यातून दोन-तीनदा नियमाने करावा लागतो. महिनोन्‌महिने न खेळता एका सकाळी अचानक पूर्ण ताकदीचा सामना खेळायला लावणे, हेच गुडघ्यासाठी अधिक धोक्याचे. म्हणजे काळजीचा मुद्दाही नियमित हंगामाच्याच बाजूने जातो.

हा हंगाम कधी आणि कुठे, याचे उत्तर इथल्या हवामानानेच दिले आहे. जून ते सप्टेंबर कर्जत-खालापुरात मैदान म्हणजे तळे असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सत्र परीक्षा आणि भातकापणी एकत्र येतात. कापणीनंतर जमीन वाळते, मुले धसकटे काढून, रोलर फिरवून शेतातच टेनिस चेंडूच्या क्रिकेटची मैदाने तयार करतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हे मोकळे, कोरडे दिवस. नेरळ, कर्जत, खोपोली आणि त्याच लोहमार्गावरची बदलापूर-अंबरनाथची महाविद्यालये मिळून सहा संघ झाले, तर एकेरी साखळीचे पंधरा सामने होतात आणि प्रत्येक संघाला पाच मिळतात. बदलापूर ठाणे जिल्ह्यात आहे, ही सबब आड येऊ देऊ नये. मुली जिल्ह्याच्या नकाशावरून प्रवास करत नाहीत, लोकलने करतात. शनिवारी दुपारी प्रत्येक संघाचा एक सामना, एक आड एक घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर, पाचच्या आत सगळे संपलेले. मैदानाजवळ कपडे बदलायला कडी लागणारी खोली, स्वच्छ शौचालय आणि पाणी. या तीन गोष्टी नसतील तर सामना ठेवूच नये. संध्याकाळी मुलगी उजेडात घरी पोहोचली, तर परवानगीचा प्रश्न बराचसा सुटतो. पालकांचा विरोध बहुतेकदा खेळाला नसतो. पहाटेच्या अंधाराला, रात्रीच्या लोकलला आणि सोबत कोण आहे हे न कळण्याला असतो. सामना गावाजवळ झाला तर वडील स्वतः येऊन बघू शकतात.

हे ठरवणारी यंत्रणा नव्याने उभारायची नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ मध्ये क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळाची तरतूद आहे. त्या मंडळाने पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या वेळापत्रकात या मार्गावर मुलींची एक साखळी प्रायोगिक म्हणून घालावी, संयुक्त संघांना लेखी मुभा द्यावी आणि पंचांचे मानधन विद्यापीठाच्या खर्चातून द्यावे, म्हणजे महाविद्यालयाला नाही म्हणायला कारण उरणार नाही. आणखी एक काम जवळजवळ फुकट होण्यासारखे आहे. दर वर्षी जूनमध्ये प्रत्येक महाविद्यालयापुढे दोन आकडे प्रसिद्ध करावेत: वर्षभरात किमान पाच फुटबॉल सामने खेळलेले मुलगे किती आणि मुली किती. प्रवेश घेताना पोशीरच्या आई-वडिलांना ते वाचता आले पाहिजेत.